जुना फोन दुसऱ्याला देताय? नुसतं 'रीसेट' मारणं पुरेसं नाही

नवा फोन घेतला की जुन्याचं काय होतं? आमच्या राजोडीत त्याचे चार रस्ते ठरलेले आहेत. एक, आईकडे किंवा धाकट्या भावंडाकडे. दोन, मित्राला किंवा ऑनलाइन जाहिरात टाकून विक्री. तीन, नालासोपारा किंवा विरार स्टेशनजवळच्या दुकानात एक्स्चेंज. चार, फोन बंद पडला असेल तर कपाटाचा खण, आणि मग एखाद्या दुपारी स्पीकर लावून 'जुने, बंद मोबाइल द्या' म्हणत येणारा फेरीवाला, जो त्याच्या बदल्यात प्लास्टिकचा टब देतो.

चारही वेळी दोन गोष्टी व्हायला हव्यात. फोनमधलं तुमचं सगळं गेलं पाहिजे, आणि त्या फोनवरचा तुमचा ताबा सुटला पाहिजे. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. काही जण गॅलरीतले फोटो डिलीट करतात आणि झालं असं समजतात, म्हणजे दोन्ही राहतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे रविवारी ओळखीचे लोक फोन घेऊन घरी येतात. त्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार ही: "सेकंडहँड फोन घेतला, पैसे दिले, आता तो कोणाचा तरी ईमेल आणि पासवर्ड मागतोय." फोन चोरीचा असेलच असं नाही. बऱ्याचदा विकणारा प्रामाणिक असतो, फक्त त्याने कामं उलट क्रमाने केलेली असतात. म्हणून या लेखात काय करायचं एवढंच नाही, तर कोणत्या क्रमाने आणि का, हेही पाहूया.

डिलीट केलं म्हणजे गेलं का?

नाही. एखाद्या जाड पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून एका धड्याचं नाव खोडलं तर धडा फाटत नाही, तो आत तसाच असतो. फोनमध्येही फाइल डिलीट केली की साधारण हेच होतं. 'ही जागा आता मोकळी' अशी नोंद होते, पण तिथला डेटा दुसरं काही येऊन बसेपर्यंत राहू शकतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर नेमकं हेच शोधतं.

हे फक्त पुस्तकातलं नाही. २०१४ मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या अव्हास्टने ईबेवरून वापरलेले २० ॲन्ड्रॉइड फोन विकत घेतले. विकणाऱ्यांच्या मते ते साफ होते. त्यातून ४०,००० हून जास्त फोटो परत निघाले. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ वापरलेले फोन तपासले. त्यात ॲन्ड्रॉइड २.३ पासून ४.३ पर्यंतच्या आवृत्त्या होत्या. फॅक्टरी रीसेट केल्यावरसुद्धा त्यातून मेसेज, फोटो आणि गुगल अकाउंटमध्ये शिरण्यासाठी लागणारी माहिती परत काढता आली.

मग आज रीसेट सुरक्षित आहे का? नव्या फोनवर, हो. कारण आहे एन्क्रिप्शन.

रीसेट नेमकं काय करतं?

आजच्या फोनमध्ये तुमचा डेटा साठवतानाच कुलूपबंद होतो. त्या कुलपाची किल्ली फोनच्या आतच, सुरक्षित जागी असते. फॅक्टरी रीसेट केलं की फोन ती किल्ली नष्ट करतो. मग आतला डेटा कोणी चिपमधून खरवडून काढला तरी हाती फक्त अर्थहीन आकडे लागतात. म्हणूनच ६४ जीबी भरलेला फोनसुद्धा काही मिनिटांत रीसेट होतो. प्रत्येक कोपरा पुसायची गरजच नसते.

आयफोनमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲन्ड्रॉइड ६ पासून (२०१५) ताकदवान फोनना आणि ॲन्ड्रॉइड १० पासून (२०१९) त्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या सगळ्याच फोनना एन्क्रिप्शन बंधनकारक झालं.

थोडक्यात, तुमचा फोन २०१९ नंतरचा असेल तर नीट केलेलं रीसेट पुरेसं आहे. त्याआधीचा स्वस्त फोन किंवा टॅब असेल तर सेटिंग्ज → सिक्युरिटीमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. 'एन्क्रिप्ट फोन' असा पर्याय दिसला तर फोन चार्जिंगला लावून आधी तो करा आणि मग रीसेट. असा पर्यायच नसेल तर एक जुना उपाय आहे. रीसेट करा, कोणतंही अकाउंट न घालता फोन चालू करा, कॅमेऱ्यावर कापड टाकून मेमरी भरेपर्यंत व्हिडिओ रेकॉर्ड होऊ द्या आणि पुन्हा रीसेट करा. जुन्या डेटाच्या बहुतेक जागेवर काळा व्हिडिओ बसतो. शंभर टक्के खात्री नाही, कारण फ्लॅश मेमरी कुठे काय लिहायचं ते स्वतः ठरवते. पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

मग 'लॉक' कुठून येतं?

फोन चोरणाऱ्याने रीसेट मारून तो विकू नये, म्हणून कंपन्यांनी एक सोय केली. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत 'ॲक्टिव्हेशन लॉक' आणलं. गुगलने २०१५ मध्ये ॲन्ड्रॉइड ५.१ सोबत 'फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन' आणलं. दुकानदार त्याला एफआरपी म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच: रीसेट झाल्यावरही फोन विचारतो, "आधीचा मालक कोण? त्याचा पासवर्ड टाका."

चोरासाठी हे उत्तम आहे. पण तुम्ही अकाउंट न काढता पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरी मोडमधून रीसेट मारलंत, तर फोनच्या नजरेत तुम्ही आणि चोर सारखेच. तुमच्याकडे पासवर्ड आहे म्हणून तुमचं भागेल. ज्याने फोन घेतला त्याच्या हातात मात्र कमावलेल्या पैशांची एक काचेची वीट राहते. 'एफआरपी तोडून देतो' म्हणणारे दुकानदार सापडतात, पण त्या कामासाठी फोनमध्ये कुठलं सॉफ्टवेअर टाकतात ते आपल्याला कळत नाही. अशा फोनवर मग बँकेचं ॲप टाकणं म्हणजे धोकाच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॅकअप, मग साइन आउट, मग रीसेट.

पायरी १: आधी नव्या फोनवर सगळं चालू करा

जुना फोन चालू असतानाच नवा फोन पूर्ण तयार करा. दोन्ही फोन एक-दोन दिवस सोबत ठेवता आले तर उत्तम. या गोष्टी तपासा:

• फोटो: गुगल फोटोज किंवा आयक्लाउडवर बॅकअप पूर्ण झालाय का, हे नव्या फोनवर उघडून बघा. क्लाउडची जागा भरली असेल तर लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. आणि महत्त्वाचं, जुन्या फोनवर बसून एकेक फोटो किंवा काँटॅक्ट डिलीट करू नका. सिंक चालू असेल तर तो क्लाउडमधून, म्हणजे तुमच्या नव्या फोनवरूनही जाईल. पुसायचं काम रीसेटला करू द्या.

• व्हॉट्सॲप: दोन्ही फोन ॲन्ड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील तर चॅट थेट हलवता येतात. २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज → चॅट्समध्ये ट्रान्स्फरचा पर्याय आहे, क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. नाहीतर गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडचा बॅकअप घ्या. 'डिलीट माय अकाउंट' मात्र दाबू नका. त्याने जुना फोन साफ होत नाही, तुमचं पूर्ण व्हॉट्सॲप खातं आणि ग्रुप जातात.

• यूपीआय आणि बँकेची ॲप्स: यूपीआय ॲप तुमचं सिम आणि फोन यांची जोडी लावून ठेवतं. सुरुवातीला फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो तो त्यासाठीच. सिम नव्या फोनमध्ये टाका, ॲप पुन्हा रजिस्टर करा, घरातल्या कोणाला तरी एक रुपया पाठवून बघा. तो गेला की पुढे जा.

• ऑथेंटिकेटर ॲप: कॉलेजच्या पोर्टलला, गिटहबला किंवा इन्स्टाग्रामला सहा आकडी कोड लागत असेल तर तो कोड बनवणारं ॲप आधी हलवा. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये 'ट्रान्स्फर अकाउंट्स' असा पर्याय आहे. हे विसरून रीसेट केलं तर पासवर्ड माहीत असूनही तुम्ही दाराबाहेर.

• गुगल किंवा ॲपलचा पासवर्ड: तुम्हाला तो खरंच आठवतोय का? अनेकांनी तो वर्षानुवर्षे टाइपच केलेला नसतो. नव्या फोनवर लॉग इन करून खात्री करा. नवीन साइन इनच्या वेळी 'तुम्हीच आहात का' असं विचारणारा मेसेज जुन्या फोनवर जातो, त्यामुळे तो आधीच पुसला असेल तर पंचाईत होते. पासवर्ड आत्ताच बदलला असेल तर रीसेट करण्याआधी २४ तास थांबा, असं गुगलच सांगतं.

• ई-सिम: फोनमध्ये ई-सिम असेल तर आधी तुमच्या कंपनीच्या पद्धतीने ते नव्या फोनवर हलवा. रीसेट करताना 'ई-सिम पुसायचं का' असं विचारलं जातं. हलवण्याआधी पुसलं तर नंबर बंद, आणि ओटीपीही बंद.

पायरी २: अकाउंट काढा

ॲन्ड्रॉइड: सर्वात आधी कंपनीचं अकाउंट बघा. सॅमसंग, शाओमी अशा कंपन्यांची स्वतःची अकाउंट असतात आणि त्यांचंही वेगळं लॉक लागू शकतं. ते साइन आउट करा. मग सेटिंग्ज → पासवर्ड्स अँड अकाउंट्स (काही फोनमध्ये नुसतं अकाउंट्स) → गुगल → रिमूव्ह अकाउंट. दोन-तीन जीमेल असतील तर सगळे काढा. शेवटी स्क्रीन लॉकचा पिन किंवा पॅटर्नही 'नन' करा.

आयफोन आणि आयपॅड: सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव → सर्वात खाली साइन आउट. पासवर्ड टाकला की 'फाइंड माय' बंद होतं आणि त्यासोबत ॲक्टिव्हेशन लॉकही सुटतं. ॲपल वॉच जोडलेलं असेल तर आधी ते अनपेअर करा.

हप्त्यावर घेतलेला फोन: अशा फोनमध्ये फायनान्स कंपनीचं लॉक ॲप असू शकतं. त्यामुळे हप्ता चुकला की फोन अडकू शकतो. कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय असा फोन विकू नका. फिटल्यावर कंपनीकडून लॉक काढून घ्या आणि कर्ज संपल्याचं पत्र जपून ठेवा.

पायरी ३: सिम आणि मेमरी कार्ड बाहेर

ऐकायला सोपं वाटतं, पण कार्ड ट्रेमध्ये राहून गेलेलं मेमरी कार्ड हमखास सापडतं. रीसेटने फोनची आतली मेमरी साफ होते, कार्ड तसंच राहू शकतं. आणि कार्ड सहसा एन्क्रिप्टेड नसतं, त्यामुळे नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डातून फोटो परत काढणं सोपं असतं. कार्ड कोणाला देऊच नका. सिमही नाही, अगदी घरातही नाही, कारण तुमच्या नावावरच्या सिमवरून जे काही होईल त्याचा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

पायरी ४: आता रीसेट

बॅटरी निम्म्याहून जास्त असू द्या किंवा चार्जर लावून ठेवा.

ॲन्ड्रॉइड: सेटिंग्ज → सिस्टिम → रीसेट ऑप्शन्स → इरेज ऑल डेटा. सॅमसंगमध्ये: सेटिंग्ज → जनरल मॅनेजमेंट → रीसेट → फॅक्टरी डेटा रीसेट. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'रीसेट' टाइप करा.

आयफोन: सेटिंग्ज → जनरल → ट्रान्स्फर ऑर रीसेट आयफोन → इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज.

'रीसेट सेटिंग्ज' किंवा 'रीसेट नेटवर्क' हे पर्याय वेगळे आहेत. त्यात फोटो, ॲप्स काहीच जात नाही.

पायरी ५: तपासून बघा

फोन पुन्हा सुरू झाला की स्वागताचा स्क्रीन येतो. भाषा निवडा, वायफाय जोडा आणि दोन-तीन स्क्रीन पुढे जा. 'या फोनवर आधी वापरलेलं अकाउंट टाका' असं किंवा जुन्या पिनबद्दल विचारलं तर लॉक सुटलेलं नाही. तुमचं अकाउंट घाला, पूर्ण सेटअप करा आणि पायरी २ पासून पुन्हा या. काहीच विचारलं नाही तर फोन तिथेच बंद करा. नव्या मालकाला तो स्वागताच्या स्क्रीनवरच मिळाला पाहिजे.

विकत देताना-घेताना ही तपासणी दोघांनी समोरासमोर केली तर पुढची अर्धी भांडणं वाचतील.

घरातल्या घरात देताना

"आईलाच तर देतोय, रीसेट कशाला?" हे वाक्य मी खूप ऐकतो. अडचण विश्वासाची नसते, अकाउंटची असते. तुमचं गुगल अकाउंट आईच्या हातात राहिलं तर तुम्ही आज काढलेले फोटो, स्क्रीनशॉट, काँटॅक्ट, यूट्यूबवर काय पाहिलंत, सगळं तिच्या फोनवर दिसत राहतं. उलटही होतं. तिने 'जागा भरली' म्हणून फोटो डिलीट केले की तुमचे जातात. ताईचा फोन दादाकडे किंवा मोठ्या बहिणीचा टॅब शाळेतल्या भावाकडे गेला की हाच प्रकार आणखी अवघड होतो, कारण काही गोष्टी फक्त स्वतःपुरत्या असतात आणि तसा हक्क घरातही असतो.

म्हणून घरातही पूर्ण पाच पायऱ्या करा आणि फोनवर आईचं स्वतःचं जीमेल अकाउंट उघडून द्या. पासवर्ड तिच्या वहीत लिहून ठेवा. अकाउंटला रिकव्हरी नंबर म्हणून तिचा नंबर आणि रिकव्हरी ईमेल म्हणून तुमचा ईमेल टाका. फोनची भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, होम स्क्रीनवर लागतील तेवढीच चार-पाच ॲप्स ठेवा. लहान भावंडासाठी असेल तर गुगलच्या 'फॅमिली लिंक'मधून वेळेची मर्यादा आणि ॲपची परवानगी ठेवता येते.

आणखी एक बघा. सेटिंग्जमध्ये फोनचा शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे? कंपनीने अपडेट देणं थांबवून वर्षं झाली असतील तर तो फोन व्हिडिओ, गाणी आणि कॉलसाठी ठीक, पण आईचं बँकेचं ॲप त्यावर टाकू नका.

टॅबबद्दल वेगळं काय?

टॅब घरात बहुधा एकाचा नसतो. त्यावर दोघा-तिघांची प्रोफाइल किंवा जीमेल असतात, ती सगळी काढावी लागतात. दुसरं म्हणजे टॅब शाळेचा, क्लासचा किंवा कंपनीचा असू शकतो. आपल्याकडे महाज्योतीसारखी संस्था जेईई, नीट, सीईटीच्या विद्यार्थ्यांना टॅब देते, मुंबई महापालिकेच्या शाळांतही टॅब दिले गेले. असा टॅब दुसऱ्याला देण्याआधी मिळतानाच्या अटी वाचा. बऱ्याच संस्था टॅबवर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बसवतात. सेटिंग्जमध्ये 'हे डिव्हाइस तुमच्या संस्थेकडून मॅनेज केलं जातं' अशी ओळ दिसली तर रीसेट करूनही ते नियंत्रण परत येतं. ते फक्त ती संस्थाच सोडवू शकते.

बाहेरून साफसफाई

आमच्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारी हवा चार्जिंग पोर्टमध्ये आपलं काम करत असते. पोर्टच्या आत हिरवट थर दिसला तर फोन बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा. टाचणी, सुई घालू नका. स्क्रीन आणि पाठ ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसता येते, पाणी किंवा सॅनिटायझर थेट ओतू नका. पाठ उचललेली, स्क्रीन कडेने सुटलेली दिसत असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. असा फोन कोणालाही देऊ नका, आधी बॅटरी बदलून घ्या.

घेणाऱ्याने काय बघावं?

फोनवर *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो फोनची ओळख आहे. बिलावरचा आणि बॉक्सवरचा नंबर तोच आहे का, ते जुळवा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, स्पेस देऊन तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. फोन 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' दाखवला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

या तपासणीमागे सीईआयआर नावाची यंत्रणा आहे. हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालू नये म्हणून त्याचा आयएमईआय ती ब्लॉक करते. तिची प्रायोगिक सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच झाली, मे २०२३ मध्ये ती संचार साथीतून देशभर खुली झाली. तुमचाच फोन कधी हरवला म्हणून ब्लॉक केला असेल आणि नंतर सापडला असेल, तर विकण्याआधी पोर्टलवरून अनब्लॉक करून घ्या.

एक चिठ्ठी लिहा

अनोळखी माणसाला किंवा दुकानात विकताना साध्या कागदावर एवढं लिहून दोघांनी सह्या करा: फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, तारीख आणि वेळ, दोघांची नावं आणि नंबर. मूळ बिलाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. उद्या त्या फोनवरून काही गैर झालं आणि चौकशी बिलावरच्या नावापर्यंत आली, तर 'अमुक तारखेला मी तो विकला' हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

बंद पडलेला किंवा फुटलेला फोन

आता प्लास्टिकच्या टबकडे येऊ. फोन चालू होत नाही म्हणजे आत काही नाही, असं नसतं. बऱ्याचदा बॅटरी किंवा डिस्प्ले गेलेला असतो, मदरबोर्डवरची मेमरी ठणठणीत असते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या तेलंगणात, रामगुंडम इथे पोलिसांनी बिहारमधल्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे गोण्यांत भरलेले सुमारे ४,००० जुने फोन होते. गावोगाव फिरून, वस्तूंच्या बदल्यात गोळा केलेले. ते दुरुस्त करून सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे पोहोचवायचे, असा पोलिसांचा आरोप होता. प्रत्येक फेरीवाला असा नसतो, बहुतेक जण पोटासाठीच फिरतात. पण तुमचा फोन पुढे कुठे जातो ते त्यालाही माहीत नसतं.

मग काय करावं?

• टच चालत नाही पण डिस्प्ले दिसतोय: ओटीजी ॲडॅप्टर लावून साधा कॉम्प्युटरचा माउस जोडा. बाण दिसतो, त्याने सगळ्या पायऱ्या करता येतात.

• डिस्प्ले गेलाय पण फोन चालू आहे आणि इंटरनेटला जोडलेला आहे: दुसऱ्या फोनवरून गुगलच्या 'फाइंड हब' किंवा ॲपलच्या 'फाइंड माय'मधून तो पुसता येतो.

• पूर्ण बंद आहे: ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे तुमच्यासमोर तात्पुरती बॅटरी किंवा डिस्प्ले लावून रीसेट करून घ्या. ते जमत नसेल तर गुगल अकाउंटच्या 'युअर डिव्हाइसेस' यादीतून त्याला साइन आउट करा, पासवर्ड बदला आणि फोन नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जरूर विचारा.

नेहमी येणारे दोन प्रश्न

फोन देऊन झाला, पण साइन आउट राहिलं. आता?

आयफोन असेल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर लॉग इन करून 'फाइंड डिव्हाइसेस'मधून तो पुसा आणि मग 'रिमूव्ह' करा, लॉक सुटेल. ॲन्ड्रॉइड एफआरपीवर अडकला असेल तर शक्यतो स्वतः जाऊन पासवर्ड टाका, सेटअप करा, अकाउंट काढा आणि पुन्हा रीसेट करा. फोनवरून पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका, समोरचा कितीही घाईत असला तरी.

दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, मी रीसेट करतो." चालेल का?

नको. पासवर्ड तुमचा आहे आणि पाच पायऱ्यांना अर्धा तास लागतो. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून केलं तरी चालेल, पण हात तुमचाच हवा.

जाता जाता, स्क्रीनशॉट काढून ठेवायची यादी:

१. नव्या फोनवर फोटो, व्हॉट्सॲप, यूपीआय, ऑथेंटिकेटर चालू
२. गुगल किंवा ॲपल, आणि कंपनीचं अकाउंट काढलं
३. सिम, ई-सिम, मेमरी कार्ड काढलं
४. सेटिंग्जमधून रीसेट केलं
५. स्वागताचा स्क्रीन पुढे नेऊन लॉक नाही याची खात्री केली
६. आयएमईआय लिहिला, चिठ्ठी केली, बिल दिलं

कपाटाच्या खणात पडलेला तो जुना फोन आज रात्री चार्जिंगला लावा. चालू झाला तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.